नऊ पायऱ्यांचं उदाहरण

छापायला देण्याआधी मॅन्युअलमधलं प्रत्येक उदाहरण स्वतः चालवून बघायचं, हा तिचा नियम होता. तिसरी आवृत्ती महिनाअखेरीस द्यायची होती. डेटाबेसच्या सगळ्या चाव्या ज्याच्याकडे होत्या आणि ज्याला सगळं ऑफिस चावीवाला म्हणायचं, त्याच्या टेबलासमोर ती सकाळी साडेदहाला जाऊन उभी राहिली.

"परवानगी हवीय. खऱ्या डेटाबेसवर. फक्त बघण्याची."

"मॅन्युअलबाई, तुम्हाला कशाला खरा? तुम्ही पुस्तक लिहा."

"सरावाचा डेटाबेस तुम्हीच बंद केलात. पाच वर्षं झाली."

"मी नाही, वरून आदेश होता. मशिन दुसरीकडे हवं होतं."

"आदेश कुणाचाही असो, उदाहरणं कुठे चालवू? तुमच्या डोक्यावर?"

चावीवाला हसला. त्याच्या डोक्यावर चालवण्यासारखी मोकळी जागा बरीच होती. त्याने एका दिवसाची परवानगी दिली. नोंदी बघता येतील, बदलता येणार नाहीत.

तो डेटाबेस हरवलेल्या माणसांचा होता. घरच्यांनी 'हरवला' म्हणून नोंदवलेली माणसं एकीकडे, आणि रुग्णालयं, निवारे, शवागारं यांनी 'कोण आहे माहीत नाही' म्हणून नोंदवलेली माणसं दुसरीकडे. रोज सकाळी सहा वाजता एक प्रोग्राम दोन्ही बाजू ताडून बघायचा. वय, उंची, खुणा, कपडे असे दहा रकाने होते. सात किंवा जास्त रकाने जुळले, की घरच्यांच्या फोनवर संदेश जायचा. चारशेच्या आसपास शाखांमधले ऑपरेटर हा डेटाबेस वापरायचे, आणि ते सगळे तिचं मॅन्युअल समोर ठेवून काम करायचे. ते चांगलं मॅन्युअल होतं. पहिल्या आवृत्तीआधी ऑपरेटर दिवसातून तीसेक वेळा मुख्य कार्यालयाला फोन करायचे. नंतर फोन दोन-तीनवर आले.

त्या मॅन्युअलचा गाभा म्हणजे तिसऱ्या प्रकरणातलं नऊ पायऱ्यांचं उदाहरण. एका हरवलेल्या माणसाची नोंद उघडण्यापासून तो सापडून घरच्यांच्या ताब्यात देऊन प्रकरण बंद करण्यापर्यंत, एकही पायरी न गाळता. असं उदाहरण लिहायचं तर नोंदीचा क्रमांक लागतो. क्रमांक दहा आकडी होता आणि शेवटचा आकडा आधीच्या नऊ आकड्यांवरून ठरायचा, त्यामुळे मनाने रचलेला क्रमांक स्क्रीन घ्यायचीच नाही. सात वर्षांपूर्वी ती पहिली आवृत्ती लिहीत होती तेव्हा तिला एकच क्रमांक तोंडपाठ होता. तो तिच्या धाकट्या भावाचा होता. एकोणिसाव्या वर्षी तो घरातून गेला, त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

तेव्हा सगळं सरावाच्या डेटाबेसवर चालायचं. ती खऱ्याची नुसती नक्कल होती, तिथे काहीही केलं तरी खऱ्या नोंदीला धक्का लागत नव्हता. म्हणून तिने तोच क्रमांक वापरला.

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तिने पहिली पायरी चालवली. क्रमांक टाकला. मॅन्युअलमध्ये छापलं होतं: 'स्थिती: शोध सुरू.' स्क्रीनवर आलं: 'स्थिती: सापडला. प्रकरण बंद.'

तिने क्रमांक पुन्हा टाकला, एकेक आकडा बोटाने मोजत. तेच आलं. खाली तारीख होती, चार वर्षं आणि आठ महिन्यांपूर्वीची. त्याखाली: 'कुणाच्या ताब्यात दिला: बहीण.'

तिला बहीण नव्हती. त्याला बहीण एकच होती, आणि ती या खुर्चीत बसली होती.

नंतर तिने चावीवाल्याला सांगितलं की आपल्याला लगेच कळलं. तसं झालं नव्हतं. काही क्षण, फार तर पंधरा-वीस सेकंद, तिने ते खरं मानलं. ती तारीख आठवायचा प्रयत्न करू लागली. मी त्या दिवशी कुठे गेले होते? त्याला कुठून आणलं? रिक्षाने आणलं की चालत? आणि आणून कुठे ठेवलं? इथे ती भानावर आली. 'ताब्यात: बहीण' हे शब्द तिचेच होते. आठवी पायरी. नववी पायरी प्रकरण बंद करण्याची. उदाहरण कुणीतरी जसंच्या तसं, शेवटपर्यंत, खऱ्या डेटाबेसवर चालवलं होतं.

पण स्क्रीन तिथे संपत नव्हती. खाली आणखी नोंदी होत्या. सापडलेल्या माणसाच्या घरी, शेवटच्या भेटीला सहा महिने झाले की, शाखेतून कुणीतरी जाऊन यायचं आणि 'पाठपुरावा भेट' लिहायची, अशी पद्धत होती. मॅन्युअलचं चौथं प्रकरण त्याचंच होतं. भावाच्या नावाखाली अशा एकसष्ट भेटी होत्या. पत्ता त्यांच्याच घराचा होता. तिसरा मजला, दोन खोल्या.

तिने वाचायला सुरुवात केली.

'घरी आहे. प्रकृती ठीक.'

'भेटीच्या वेळी झोपला होता. उठवले नाही.'

'वजन वाढले आहे.'

'दार उघडायला स्वतः आला. पाणी दिले.'

'खिडकीजवळ बसून असतो. विचारल्यास हो म्हणतो.'

'बहीण कामाला गेल्यावर बोलतो, असे आई सांगते.'

'या वेळी ओळख दाखवली. मागच्या वेळी आलेल्या बाई का आल्या नाहीत, असे विचारले.'

एकसष्ट भेटी, एकसष्ट वेगळ्या माणसांनी लिहिलेल्या. शेवटची मागच्याच महिन्यातली. त्यांच्या घराला रस्त्याच्या बाजूने एकच खिडकी होती, आणि तिच्याजवळ खरोखरच एक खुर्ची होती. तिच्यात दुपारी आई बसायची.

संध्याकाळी घरी पोचल्यावर तिने रोजच्यासारखी किल्ली फिरवली नाही. आधी दाराला कान लावला. आतून आईचा आवाज येत होता, हळू, कुणाशी तरी बोलल्यासारखा. तिने दार ढकललं. आई एकटीच होती. शेंगा सोलता सोलता मोजत होती.

"भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस? चपला काढ."

तिने चपला काढल्या. मग दोन्ही खोल्यांत फिरून आली. दाराच्या मागेही बघितलं. आपण काय शोधतोय हे तिला ठाऊक होतं आणि त्याची लाजही वाटत होती. त्या रात्री तिने आईला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांकडे गेली. ऑपरेटरांचं प्रशिक्षण घेणारे म्हणून ते मास्तर. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि तिचं मॅन्युअल त्यांना अख्खं पाठ होतं.

"मास्तर, सराव तुम्ही कुठे करून घेता?"

"वर्गात. आणखी कुठे?"

"म्हणजे कुठल्या डेटाबेसवर?"

"आता आहेच कुठे दुसरा? जो आहे त्याच्यावर."

"माझ्या मॅन्युअलमध्ये पहिलीच ओळ आहे, उदाहरणं फक्त सरावाच्या डेटाबेसवर चालवावीत."

"ती ओळ मी काढली," मास्तर म्हणाले. "म्हणजे माझ्या प्रतींतून. सरावाचा डेटाबेसच नाही म्हटल्यावर पोरं विचारायची, सर, तो कुठाय? रोज कोण उत्तर देणार? पण काळजी नका करू, मी कुणाच्या नोंदीला हात लावू देत नाही हं. फक्त तुमचं उदाहरण. ते खोटंच आहे ना."

तिने हातातली मॅन्युअलची प्रत मिटली.

"पहिल्या बॅचला नऊच्या नऊ पायऱ्या करून घेतल्या," मास्तर खुशीत येऊन सांगू लागले. "नंतरच्या बॅचना ते प्रकरण बंदच दिसायचं. मग म्हटलं, चला, पाठपुरावा लिहा. दर बॅचमधून एकाला उठवायचो, लिही एक भेट. आणि तुमचंच वाक्य वाचून दाखवायचो. 'नुसतं ठीक लिहू नका. जे पाहिलं ते लिहा, पुढच्या माणसाला उपयोग व्हायला हवा.' काय छान लिहितात पोरं! एकाने तर पाणी दिलं म्हणून लिहिलं. वर्गात आम्ही त्याला आपला माणूसच म्हणतो. नवी बॅच आली की विचारतात, आपला माणूस कसा आहे सर?" त्यांनी तिच्याकडे बघितलं. "का हो? चुकलं का काही?"

"तो खोटा नाही, मास्तर. माझा भाऊ आहे."

मास्तरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग इतकंच म्हणाले, "पण तो क्रमांक तुम्ही का घातलात, बाई?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं. ते तिने मास्तरांना दिलं नाही.

चावीवाल्याने मात्र काहीच विचारलं नाही. त्याने सरळ हिशेब मांडला. बंद प्रकरणं सकाळच्या जुळणीत घेतली जात नाहीत, म्हणजे चार वर्षं आठ महिने तिच्या भावाला कुणीच शोधत नव्हतं. या काळात अनोळखी म्हणून आलेल्या नोंदी त्याने मोजल्या. चार हजार तीनशे बारा निघाल्या. त्यातल्या हजारावर शवागारांतल्या.

"संदेश तरी यायला हवा होता," ती म्हणाली. "प्रकरण बंद झालं म्हणून. संपर्काला बाबांचा नंबर दिलाय. ते गेले तरी आईने तो फोन चालू ठेवलाय. रोज चार्ज करते."

"बंद करताना संदेश जात नाही. बंद करताना घरचे समोर उभे असतात, असं धरलंय." तो थांबला. "तुम्हीच लिहिलंय, पान त्रेचाळीस."

तिला ते पान आठवलं. वाक्य नीटनेटकं होतं.

"उघडा परत," ती म्हणाली. "मागची सगळी जुळणी लावा."

"एकदा ताब्यात दिलेल्या माणसाचं प्रकरण मी असं उघडू शकत नाही. ज्यांनी तक्रार दिली त्यांची सही लागते. तक्रार वडिलांची. ते नाहीत, म्हणजे आईची." त्याने कपाटातून अर्ज काढून दिला. "खालचा मजकूर वाचून सही घ्या. 'मृतांच्या नोंदींशीही जुळणी होईल याची मला कल्पना आहे' असं आहे त्यात. नंतर लोक आमच्या अंगावर येतात."

आईला सांगायला तिने शनिवारची सकाळ निवडली. आईला अकरा वाजता सांगितलेली गोष्ट पचते आणि संध्याकाळी सांगितलेली पचत नाही, असा घरातला जुना अनुभव होता. तिने बातमी लिहावी तसं क्रमाने सांगितलं. उदाहरण, क्रमांक, मास्तरांनी काढलेली ओळ, बंद प्रकरण, चार वर्षं आठ महिने. आई ऐकत होती. ओट्यावर बाबांचा फोन चार्जिंगला लावलेला होता. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती. आई बघत होती.

"म्हणजे हा वाजणारच नव्हता," आई म्हणाली.

"नव्हता."

"आणि मी रात्री उठून उठून बघायचे, दिवा लागलाय का."

तिने अर्ज आणि पेन टेबलावर ठेवलं.

"दुसरा कुठला आकडा नव्हता तुला? जगभरची माणसं हरवतात."

"मागितला असता तर मिळाला असता." मास्तरांना न दिलेलं उत्तर तिने आता दिलं. "मला तो घरी येतो असं लिहायचं होतं, आई. आठव्या पायरीला. लिहून झालं तेव्हा बरं वाटलं. त्या दिवशी जेवले मी पोटभर. तुला आठवत नसेल."

आईने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "आणि ते लोक काय लिहितात म्हणालीस? भेटी?"

"ते खोटं आहे सगळं."

"ते कळलं गं. आण ते."

तिने छापून आणलेले कागद द्यायला नको होते, पण दिले. आई चष्मा लावून खिडकीजवळ बसली आणि पहिल्यापासून वाचू लागली, ओठ हलवत. जेवायला उठली नाही. अर्ज टेबलावर पेनाखाली पडून राहिला.

"सही, आई."

"आज नको."

रविवारीही आज नको. सोमवारीही. ती समोर आली की आई तिला वाचून दाखवायची.

"हे ऐक. वजन वाढलं म्हणे. वाढेल नाही तर काय, बसून खातोय मेला." आणि हसायची. "आणि पाणी दिलं म्हणे पाहुण्याला. इथे असताना कधी स्वतःपुरतं घेतलं नाही."

"आई, नको वाचूस."

"का? तुझ्या पुस्तकाचाच प्रताप ना? तू म्हणालीस, जे पाहिलं ते लिहा. बघ किती पाहिलंय." मग आवाज खाली आणून: "उठवलं नाही म्हणते ही. झोपला होता तर उठवलं नाही. चांगल्या घरची दिसते."

मंगळवारी सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती आणि आई जमिनीवर, भिंतीला टेकून बसली होती. गुडघे दुखतात म्हणून आई गेल्या तीन वर्षांत जमिनीवर बसली नव्हती.

"खाली का बसलीस?"

"अशीच."

तिने खुर्चीकडे बघितलं. मग आईकडे. आईने नजर फिरवली. त्या दिवशी ऑफिसमध्ये तिच्याकडून एक ओळही लिहून झाली नाही. आई दिवसभर त्या घरात, ती खुर्ची मोकळी ठेवून काय करत असेल, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. दर सकाळी सहा वाजता जुळणी चालत होती आणि त्याला वगळून पुढे जात होती. शनिवारपासून तीन वेळा. आपल्यामुळे चार वर्षं आठ महिने गेले, आणि आता आईमुळे दिवस जात होते. आणि आईला घाई कर म्हणायचा अधिकार आपला राहिला नाही, हेही तिला कळत होतं.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "तू सही केली नाहीस तर मी तुला दोष देणार नाही. पण तो कुठे पडलेला असेल, आणि आपण इथे..."

"त्यात मेलेलेही असतात ना?" आईने विचारलं.

"असतात."

"इथे निदान तो जेवतो."

तिने ताटं उचलली.

बुधवारी सकाळी चहा टाकताना आई एकदम म्हणाली, "एकसष्ट वेळा लोक आले."

"कुणी आलं नाही, आई."

"आले असं धर. एकसष्ट वेळा आले, सकाळचे, दुपारचे, कधीही. एकदा तरी कुणी लिहिलंय का, 'घरी नव्हता, बाहेर गेलाय'?"

तिने आठवून बघितलं. कुणीच लिहिलं नव्हतं. शिकाऊ ऑपरेटरला भेट लिहायची होती, म्हणून प्रत्येकाने तो घरात आहे असंच लिहिलं होतं.

"आपला कधी घरी सापडायचा?" आई म्हणाली. "पायाला भिंगरी होती त्याच्या. तुझे बाबा म्हणायचे, याला भेटायचं तर रस्त्यावर उभं राहावं. शाळेतून आला की दप्तर दारातून फेकायचा, आत नाही यायचा. आणि हा पाच-पाच वर्षं खिडकीत बसून हो म्हणतोय? ताकावर दुधाची तहान किती दिवस भागवायची?" तिने गॅस बंद केला, हात पुसले, टेबलाशी आली. "हा माझा नव्हे. आण पेन."

अर्जावरचा खालचा मजकूर आईने पूर्ण वाचला. 'मृतांच्या' या शब्दापाशी थांबली. मग सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली आणि रेषेच्या बाहेर गेली.

साडेअकराला चावीवाल्याने प्रकरण उघडलं. एकसष्ट भेटी पुसता येत नव्हत्या, या डेटाबेसमध्ये काहीच पुसता येत नाही. त्यांच्यावर त्याने 'रद्द' असा शिक्का मारला. "शाखांकडच्या आणि रुग्णालयांकडच्या प्रतींत हे रविवारी दिसेल," तो म्हणाला. "त्यांच्या प्रती आठवड्यातून एकदाच बदलतात. तोपर्यंत तिथे तो घरीच."

मग त्याने मागची जुळणी लावली. स्क्रीनवर आकडा वाढत गेला. पाचशे, हजार, बावीसशे. मास्तर दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. चाळीस मिनिटांनी आकडा चार हजार तीनशे बारावर थांबला.

जुळणाऱ्या नोंदी: एक.

"शवागार?" तिने विचारलं. तिला स्वतःला वाचवत नव्हतं.

"नाही," चावीवाला म्हणाला. "रुग्णालय आहे. जिवंत."

नोंद दोन वर्षं एक महिन्यापूर्वीची होती. लांबच्या एका गावातल्या रुग्णालयाची. पुरुष, अंदाजे सत्तावीस. उंची पाच फूट सहा. डाव्या भुवईतून गेलेला जुना व्रण. नाव सांगत नाही. दहापैकी आठ रकाने जुळले होते. शेरा: 'तेरा दिवस वॉर्डात. चौकशीला कुणी आले नाही. अन्यत्र पाठवले.'

"अन्यत्र म्हणजे कुठे?"

"एवढंच लिहिलंय. कुठे पाठवलं याला रकानाच नाही."

"फोटो?"

चावीवाल्याने फोटोच्या रकान्यावर बोट ठेवलं. रिकामा. त्याला बोलायची गरज नव्हती. पान अठ्ठावीसवर तिने ऑपरेटरांचा वेळ वाचावा म्हणून लिहिलं होतं: 'फोटो ऐच्छिक. नसल्यास पुढे जावे.'

दोन वर्षांपूर्वी प्रकरण उघडं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाबांच्या फोनवर संदेश आला असता. त्यानंतर तो आणखी दहा-बारा दिवस त्या वॉर्डात होता. हा हिशेब तिने एकदा केला. दुसऱ्यांदा करायच्या आत तिला आठवलं की संदेश आताही गेला असणार. जुळणी झाली की तो आपोआप जातो. तिने पर्स उचलली.

घराचे तीन मजले ती धावत चढली. दार उघडंच होतं. आई ओट्यापाशी उभी होती, बाबांचा फोन समोर धरून, आवाज मोठा केलेला. संदेशात जुळलेली नोंद आणि रुग्णालयाचा नंबर असतो. आईने तो स्वतःच लावला होता.

पलीकडे नोंदी ठेवणारी कुणी तरुण बाई बोलत होती, गोड आणि थोडी दमलेली. "मावशी, मी परत सांगते. क्रमांक टाकलाय मी. इथे दिसतंय ना मला, तुमचा मुलगा सापडलाय. बहिणीकडे दिलाय. मागच्याच महिन्यात भेट झालीय त्याची. घरीच आहे तो."

आईने लेकीकडे बघितलं. तिने फोन घ्यायला हात पुढे केला. आईने दिला नाही.

"मावशी? ऐकताय ना? लिहिलंय इथे, तब्येत छान आहे, रोज खिडकीत..."

"नाही," आई म्हणाली. "घरी कुणी नाही, बाळा. अकरा वर्षं झाली. माझा मुलगा घरी नाही."

पलीकडे कळफलकाचा आवाज थांबला.

"तुमच्याकडे तेरा दिवस होता एक जण," आई म्हणाली. एकेक शब्द नीट ठेवत होती. "दोन वर्षांमागे. भुवईवर व्रण. त्याला कुठे पाठवलं, एवढं सांग."

"ते कॉम्प्युटरवर नाही दिसत हो."

"मग कागदावर असेल. रजिस्टर असेल ना वॉर्डाचं?"

"आहे, पण जुनी रजिस्टरं खाली तळघरात ठेवलीत. शोधावं लागेल. मी तुम्हाला उद्या फोन..."

"उद्या नको. मी फोन धरून उभी आहे. तू जा."

ती बाई घुटमळली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, फोन टेबलावर ठेवल्याचा, आणि दूर जाणारी पावलं. पावलं जिन्याने खाली उतरत गेली आणि ऐकू येईनाशी झाली. लेकीने आईसाठी खुर्ची ओढायला घेतली, तर आईने मोकळ्या हाताने तिला जागच्या जागी थांबवलं. आवाज करू नकोस म्हणून.